भरड, रवाळ, बारीक

सिंदी गावातल्या आईच्या बंद घरी जाताना मी यादी करून गेले होते. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून आणणे. आईच्या सुती साड्या, जाड शाल, चष्म्याची जुनी फ्रेम. ज्वारीच्या पिठाचा डबा, नाहीतर किडे पडतील. मागच्या दाराला आतून कडी आहे का ते बघणे. मी यादीशिवाय भाजी आणायलाही जात नाही. ऑफिसात या सवयीची थट्टा होते, आणि कुणाचं काही हरवलं की सगळे माझ्याच टेबलाशी येतात.

सगळ्या ओळींवर काट मारून झाली होती. पिशव्या दाराशी ठेवल्या होत्या. कुलूप हातात होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे लक्ष गेलं. टेबलाच्या कडेला आवळून बसवलेलं कॉफी दळायचं हातमशीन यादीत नव्हतं. ते घराचाच भाग होतं, उंबरठा कोणी यादीत लिहीत नाही तसं. मी सहज दांडा अर्धा फिरवला. आत कुठेतरी राहिलेली एक बी कडकन फुटली, आणि त्या बंद, दमट घरात एकदम बाबा असतानाची सकाळ झाली. ओला टॉवेल, खोबरेल तेल, पितळी फिल्टरचं तापलेलं झाकण, आणि "बाई, माही पिशवी कुठं ठेवली वं?"

मी स्क्रू सैल केला आणि मशीन काढून घेतलं. टेबलाच्या कडेला एक गोल खळगा उरला. रुपयाएवढा, गुळगुळीत. बोट बरोबर बसत होतं त्यात.

आईला तो वास येत नाही. कुठलाच येत नाही. मागच्या हिवाळ्यात ताप आला, गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. आधी आम्हाला कळलंच नाही, कारण आई ते सांगत नव्हती. दूध करपलं तेव्हा ती म्हणाली, लक्ष नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा म्हणाली, वय झालं. मग एका दुपारी वाऱ्याने शेगडी विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. समोरच्या घरातली सुषमा धावत आली, खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं.

"काकू! तुमाले वास नाई आला का वो?"

आई त्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होती.

त्या संध्याकाळी मी तिला वर्ध्याला माझ्या घरी घेऊन आले. येताना गाडीत ती एकदाच बोलली. "किती दिवस?"

मी सांगितलं, वास यायला लागला की सिंदी. मला वाटलं, मी तिला धीर देते आहे. खरं म्हणजे मी अट घातली होती. तिने मान हलवली.

नाक-कान-घशाचे डॉक्टर भले वाटले. म्हणाले, ओळखीचे, उग्र वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला द्या, डोळे मिटून. काहींचा परत येतो. काहींचा नाही येत. मी घरी येऊन तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. लवंग, लिंबाची साल, कापूर, कॉफी. कॉफी शेवटी, कारण तिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता.

आमच्या घरात कॉफी आली तीच मुळी चुकीच्या दाराने. त्याआधी कॉफी म्हणजे पाकिटातली पूड, दुधात जायफळ घालून उकळलेली, उपासाला नाहीतर तापातून उठलेल्याला द्यायची. बाबा पुलगावला एका कचेरीत कारकून होते, रोज पॅसेंजरने अपडाऊन करायचे. त्यांच्या शेजारच्या टेबलावर हासनकडचे शेषाद्रीकाका होते. गावाहून येताना त्यांनी बाबांसाठी भाजलेल्या बियांची पिशवी आणि पितळी फिल्टर आणला. बाबांनी पिशवी आईच्या हातात दिली, "दळून ठेवजो" म्हणाले आणि गाडी गाठायला पळाले.

दळायचं म्हणजे चक्की. आईने ज्वारीच्या डब्यासोबत पिशवी उचलली आणि नत्थूजींच्या चक्कीवर गेली. मी तिचा पदर धरून होते.

"वहिनी, हे कोन्तं धान्य होय?" नत्थूजींनी बी दाताखाली धरून पाहिली आणि थुंकली.

"कॉफी होय. बारीक काढजा."

"पयले हे का पयले ज्वारी?"

"पयले हेच काढा. साहेबायची गाडी येते संध्याकाळी."

पट्टा फिरला. चक्कीचा आवाज तोच, पण तोंडाला बांधलेल्या कापडी नळीतून भुरकट धूर निघाल्यासारखी पूड पडायला लागली, आणि वास रस्त्यावर गेला. ओळीत बसलेल्या बायांनी पदर नाकाला लावला आणि मग हळूच काढला. समोरच्या सायकलच्या दुकानातला माणूस हातात पंप घेऊन दारात येऊन उभा राहिला. मला अजून आठवतं, नत्थूजींच्या पांढऱ्या भुवयांवर तपकिरी पूड बसली होती.

त्यानंतर आमची ज्वारी निघाली. त्यानंतर आख्ख्या गल्लीची.

संध्याकाळी गंगामावशी हातात भाकरीचा तुकडा घेऊन आमच्या दारात उभ्या. गंगामावशी म्हणजे सुषमाची सासू, तेव्हाची गल्लीतली सगळ्यात तिखट बाई. "काऊन वं कमले, ज्वारीले काय झालं यंदा?" आईचा चेहरा पडला. तिने सगळं सांगितलं. मावशींनी तो तुकडा तिच्यासमोरच तोंडात टाकून चावला. "मस्त लागून राह्यली की. जराशी कडू, पण मस्त." आणि मागच्या अंगणात जाऊन उरलेली भाकर बकरीला घातली. बकरीने तोंड फिरवलं.

"बकरीनं खरं सांगतलं," हे सांगताना आई दरवेळी हसत हसत खाटेवर आडवी व्हायची.

बाबा सांगायचे, स्टेशनवरून येताना गल्लीच्या तोंडाशीच त्यांना कॉफीचा वास आला. वाटलं, चला, बायकोनं करून ठेवली. पुढे आले तर पहिल्या घरातून तोच वास, दुसऱ्या घरातून तोच. वास जावा म्हणून चक्कीतून कोंडा काढून, चुरी दळून नत्थूजी थकले. पुढे कितीतरी वर्षं पीठ घरी आलं की आई डब्यात नाक घालायची आणि म्हणायची, "आहे बरं अजून. त्या चक्कीचा तो वास कधी सुटलाच नाई." आम्हीही नाक घालायचो. आम्हाला गरम ज्वारीचा वास यायचा, दुसरा कुठलाच नाही. पण आम्ही हो म्हणायचो.

त्यानंतर बाबांनी ते हातमशीन आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन. आई त्याला कॉफीचं जातं म्हणायची. शेषाद्रीकाका एका रविवारी मुद्दाम शिकवायला आले. स्क्रू किती फिरवला की कशासाठीची पूड, हे त्यांनी आकड्यांत सांगितलं. त्यांचं मराठी पुलगावात शिकलेलं. "वैनी, पीठ नको. पीठ केला तर पाणी खाली येणार नाही."

आईने आकडे ऐकून घेतले आणि आपल्या शब्दांत लावून टाकले. भरड, रवाळ, बारीक.

बारीक रोजची, फिल्टरसाठी. बाबा आंघोळीला गेले की आई दांडा फिरवायला लागायची. पूड वरच्या भांड्यात घालून चकतीने हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतायची, आणि मग घरभर ते थेंब पडण्याची शांतता. बारीक करताना घाई चालत नसे. जोरात फिरवलं की लोखंड तापतं, पूड आतल्या आत जळते. आई बघत काहीच नसायची, तिचं तोंड खिडकीकडे, पण वास जरा बदलला की हात थांबायचा. "जातं तापलं," ती म्हणायची. थोडं थांबून पुन्हा. कधी फारच बारीक व्हायची आणि फिल्टर बसायचा. मग बाबा बूट घालून उभे, चमच्याने पितळेवर टकटक करतायत, खाली थेंब पडत नाही, तिकडे गाडीची शिट्टी.

"पीठ करून ठेवलं तू, पीठ!"

"तुमीच म्हनता जोरकस पाह्यजे!"

बाबा घोटभर पिऊन पळायचे. उरलेली आई प्यायची, उभ्याउभ्याच, खिडकीशी.

रवाळ चतुर्थीची. त्या दिवशी बाबा रजा टाकायचे आणि आम्ही केळझरला गणपतीला जायचो. उपासाला चहा चालत नाही आणि कॉफी चालते, हा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण आमच्या घराने तो फार मनावर घेतला होता. या दिवशी फिल्टर नाही. उकळत्या पाण्यात पूड घालायची, झाकायचं, आणि पंच्याच्या तुकड्यातून गाळायची. बारीक असली तर कापडातून उतरते आणि तळाशी चिखल होतो, म्हणून रव्यासारखी. ते फडकं धुऊनही पांढरं व्हायचं नाही. दोरीवर वाळत असायचं, सुकलेल्या पानाच्या रंगाचं, आणि वाऱ्यात त्याचा वास यायचा. थर्मासमधली ती कॉफी आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर बसून प्यायचो, शेंगदाण्याच्या लाडवाबरोबर. थर्मासचं बूच काढताना होणारा आवाज माझ्या कानात अजून चतुर्थीचाच आहे.

भरड तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सिंदीत पोरांचा पोळा. लाकडी बैल, त्यांच्या पायांना चाकं, गळ्यात घुंगरू, शिंगांना रंगीत कागद, आणि आख्खा गाव रस्त्यावर. माझा बैल एका कानाचा होता; दुसरा कान दरवर्षी आई पिठाचा करून चिकटवायची. दिवसभर घरात माणसं यायची. मोठ्या गंजात दूध, साखर, जायफळ आणि भरड कॉफी, चुलीवर उकळत. एवढा वेळ उकळायची म्हटल्यावर बारीक केली की कडू जहर, म्हणून नुसत्या फोडलेल्या बिया. भरडताना मशीन कडकड वाजायचं, रवाळ करताना खरखर, आणि बारीक करताना त्याची नुसती घरघर. समोरच्या घरातून गंगामावशी ओरडायच्या, "कमले, आज भरड काढून राह्यली, कोणी येऊन राह्यलं का?"

दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या दारावरून जिनिंग कारखान्याकडे जायच्या, रात्री उभ्या असायच्या आणि सकाळी सगळ्या वस्तूंवर तंतू दिसायचे. तुळशीवर, बाबांच्या कोटावर, मशीनच्या दांड्याच्या तेलकट सांध्यावर. आई फुंकर मारायची आणि दळायला लागायची. पावसाळ्यात बिया सादळायच्या, दाताखाली चामड्यासारख्या लागायच्या, मग त्या तव्यावर जरा परतून घ्यायच्या. उन्हाळ्यात पूड डब्यात राहायचीच नाही, बाहेर यायची वासाने. हे सगळं होत होतं तेव्हा मी शाळेचा गृहपाठ करत होते, वेळापत्रकं आखत होते. मला वाटायचं, मी कशाकडेच लक्ष देत नाहीये.

वर्ध्याच्या माझ्या ओट्याला कड जाड आहे. मशीन त्यावर बसेना. शेवटी शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलं. चांगल्या बिया मागवल्या. भरड, रवाळ, बारीक अशी तिन्ही तऱ्हांची पूड केली, सारख्या आकाराच्या तीन स्टीलच्या डब्यांत भरली आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. वाटलं, एकाने नाही तर दुसऱ्याने. जेवढी बारीक तेवढा वास मोकळा होतो, पण लवकर उडून जातो. भरड हळूहळू देते. आई कशाने जागी होईल काय सांगावं.

आई खुर्चीत बसून दांडा फिरवायची. तिचं तोंड खिडकीकडे, पूर्वीसारखंच. फक्त आता हात थांबत नव्हता. मशीन तापलं, पूड जळल्याचा वास मला आला, तिला नाही. मीच तिचा हात धरून थांबवला.

"तापलं का वं?"

"हो."

"मले नाई कळलं." तिने हात मांडीवर ठेवला. म्हणाली, "बाई, तुले येऊन राह्यला ना वास? मंग कसा आहे, सांग ना मले."

मी पूड ओंजळीत घेतली. "छान आहे."

"छान कसा?"

"कडसर. खमंग. कॉफीसारखा."

"कॉफीसारखा," आई म्हणाली. "थे तर मलेबी माहीत आहे."

मी हसले. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला शब्द असतो. फाइलला, खणाला, औषधाच्या वेळेला. नाकासमोर धरलेल्या त्या पुडीतून स्टेशन, कोट, फडकं, सगळं येत होतं आणि तिच्यापर्यंत नेता येईल असं त्यातलं एकही माझ्या हाताला लागत नव्हतं. म्हटलं, चक्कीवर त्या दिवशी आला होता ना, तसा. ती ऐकत राहिली. डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाली, "गोष्ट आठवली. वास नाई आला."

ती जेवेनाशी झाली. ताटात माती वाढल्यासारखं बसायची, चार घास माझ्यासाठी खायची. साडीच्या निऱ्या जास्त पडायला लागल्या. फोनवर सुषमाला विचारायची, तुळशीले पाणी घालतं ना वं? दारासमोर शिंपतं ना? फोन ठेवला की तक्त्याकडे बघायची. तिथे सगळे रिकामे चौकोन.

परवा सकाळी तिने स्वतःच हाक मारली. "चाल, आपलं नाकाचं करू." आंघोळ झालेली, वेणी घातलेली, चांगली साडी नेसलेली. खुर्चीत ताठ बसली आणि डोळे मिटले.

मी लवंगेची डबी उघडली. तिने श्वास ओढला, थांबली. "लवंग."

लिंबाची साल नखाने चिरडून नाकाशी धरली. "लिंबू होय." कापूर. "कापूर. देवाजवळचा."

मी नवऱ्याला हाक मारणार होते. मारली नाही, मोडेल असं वाटलं. फळीवरून 'कॉफी – बारीक' असा डबा घेतला, झाकण उघडलं आणि तिच्या नाकाजवळ धरला. तिने छाती भरून श्वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे कित्येक महिने मी पाहिलं नव्हतं. ओठांच्या कडा वर गेल्या.

"कॉफी," आई म्हणाली. "बारीक काढली. फिल्टरची."

मी डब्यात पाहिलं. पांढरट पीठ होतं. सिंदीहून आणलेलं ज्वारीचं.

कसं झालं ते लगेच कळलं. आदल्या दिवशी नवऱ्याने उरलेली बारीक पूड फिल्टरमध्ये घालून संपवली होती, डबा धुऊन पालथा घातला होता. रिकामा डबा दिसला की काहीतरी भरून ठेवायचं ही आईची जुनी रीत; चिठ्ठीकडे तिने कधी पाहिलंच नसेल. मी चिठ्ठी वाचली आणि हुंगलं नाही. आणि लवंग, लिंबू, कापूर, कॉफी हा क्रम मी रोज सकाळ-संध्याकाळ एकदाही बदलला नव्हता. तो तिला पाठ झाला होता.

आईचे डोळे अजून मिटलेले होते. हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट.

मी डबा माझ्या नाकाशी नेला. शिळ्या ज्वारीचा वास आला. पुन्हा हुंगलं, अगदी आत नाक घालून, लहानपणी हुंगायचो तसं. पीठ नाकाच्या शेंड्याला लागलं.

"आहे ना?" आईने विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

तिने डोळे उघडायच्या आत मी झाकण लावलं आणि नाक पुसलं. फ्रिजजवळ जाऊन पेन घेतलं. चौकोन समोर होता. मागे आई उठल्याचा आवाज झाला, मग आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा, मग साडी झटकून घडी घातल्याचा. सिंदीच्या सिलिंडरचा रेग्युलेटर माझ्या खणात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला होता.

"बाई," आतून आईचा आवाज आला, मोकळा, सकाळचा, "दुपारची गाडी भेटते का आपल्याले?"